मेगर कुठला घ्यावा आणि टेस्टिंग कुठे शिकावं?

तुमचा प्रश्न असा आहे: आयटीआय इलेक्ट्रिशियन झालं, मुंबईत एका कंत्राटदाराकडे काम करताय, आता स्वतःचा मेगर, म्हणजे वायरीच्या इन्सुलेशनचा (आवरणाचा) रेझिस्टन्स मोजणारा टेस्टर, घ्यायचाय. कुठला घ्यावा, आणि इन्सुलेशन टेस्टिंग नीट शिकवणारा कोर्स कुठे मिळेल? मी याच धंद्यातला. सोसायट्यांचं वायरिंग, पंप, मीटर रूमची कामं करतो. माझं मत आधीच सांगतो. मशीन साधं घ्या, पण बटण दाबायच्या आधी काय काय सोडवायचं ते हातात बसवा. रीडिंग चुकतं ते बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, सर्किट मोकळं न केल्यामुळे.

मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघून 'वायरिंग ओके' म्हणणारे खूप आहेत. मल्टिमीटर ओहम मोजतो तो जेमतेम काही व्होल्टवर. ओल धरलेलं किंवा उष्णतेने कडक होऊन तडकलेलं इन्सुलेशन तेवढ्याने उघडं पडत नाही. घरातल्या 230 व्होल्ट एसीचं टोकच 325 व्होल्टपर्यंत जातं. म्हणून मेगर 500 व्होल्ट डीसी चढवतो. 1956 च्या भारतीय वीज नियमांत अटच होती की 500 व्होल्ट एक मिनिट लावून प्रत्येक लाइव्ह वायर आणि अर्थ यांच्यात किमान 1 मेगाओहम (दहा लाख ओहम) आलं पाहिजे. नियमांची नावं पुढे बदलली, पण साध्या वायरिंगला आजही हाच आकडा धरून चालतात. नवं कोरं वायरिंग मात्र याच्या कितीतरी वर दाखवतं. नव्या फ्लॅटमध्ये 2 मेगाओहम आलं तर पास म्हणून पुढे जाऊ नका, कुठेतरी वायर सोलली आहे किंवा बॉक्समध्ये पाणी आहे.

आता हिशोब करून बघा. 1 मेगाओहमला 230 व्होल्टवर गळती होते पाव मिलिअँपिअरच्या आतबाहेर. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडायला रेझिस्टन्स साधारण 8 ते 15 किलोओहमपर्यंत घसरावा लागतो. म्हणजे आरसीसीबी बोलतो तोपर्यंत इन्सुलेशन जवळजवळ संपलेलं असतं. मेगर त्याच्या फार आधी सांगतो. दोन्ही हवेत, पण दोघांचं काम वेगळं.

गिरगावातल्या एका जुन्या इमारतीतलं काम सांगतो. तक्रार एकच: जोराचा पाऊस आला की आरसीसीबी पडतो, उघडीप झाली की आपोआप टिकतो. आधी आलेला माणूस कोरड्या दिवशी आला, मल्टिमीटर लावला, 'काही फॉल्ट नाही' सांगून गेला आणि आरसीसीबी बदलायचा सल्ला देऊन गेला. मी त्यांना म्हटलं, पाऊस चालू असताना फोन करा. मेन बंद केला, डीबीमधल्या (घरातल्या एमसीबींच्या बोर्डातल्या) न्यूट्रल लिंकवरून एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवला आणि प्रत्येक सर्किट वेगळं तपासलं. बाकी सगळी शेकडो मेगाओहममध्ये, एसीचं सर्किट मात्र 0.01 मेगाओहम, फेज ते अर्थ. खिडकीच्या वरच्या जंक्शन बॉक्समध्ये भिंतीतून पाणी झिरपत होतं. जॉइंटवरची टेप हाताला लागताच सुटून आली, आतलं तांबं हिरवं पडलेलं. आरसीसीबीचा काही दोष नव्हता, तो आपलं काम चोख करत होता.

यातली न्यूट्रल सोडवायची गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सिंगल पोल एमसीबी पाडला की फक्त फेज सुटते. न्यूट्रल सगळे लिंकवर एकत्रच राहतात. तसाच मेगर न्यूट्रलला लावला तर एका सर्किटचा फॉल्ट सगळ्या सर्किटवर दिसतो, आणि माणूस अख्खं घर उकरत बसतो. फेजवर मोजाल तेव्हाही एखादं उपकरण जोडलेलं असेल तर त्याच्यातून न्यूट्रलकडे वाट मिळतेच.

म्हणून क्रम असा ठेवा. मीटर रूममध्ये कटआउट (फ्यूज) काढा किंवा आयसोलेटरला कुलूप घाला, पाटी लावा. मुंबईत मीटर रूम तळमजल्यावर आणि आपण चौथ्या मजल्यावर, कुणीतरी 'लाइट गेली' म्हणून स्विच वर करतोच. मग दोन पोलच्या टेस्टरने खात्री करा, स्क्रूड्रायव्हर टेस्टरवर विसंबू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा करा, नाहीतर मेन बंद असूनही वायरीत करंट असतो. नंतर एलईडीचे ड्रायव्हर, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, वायफाय, एसीचे प्लग, सगळं काढा. डीबीमध्ये सर्ज प्रोटेक्टर असेल तर तोही सोडवा, कारण 500 व्होल्टला तो वाहू लागतो आणि चांगलं वायरिंगही खराब दाखवतो. सोडवता येतच नसेल तर 250 व्होल्टवर मोजा, पण तिथेही 1 मेगाओहम आलंच पाहिजे. जे उपकरण काढताच येत नाही त्याच्या सर्किटला फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधा आणि दोघांचं मिळून अर्थशी मोजा.

मोजून झाल्यावर प्रोब लगेच उचलू नका. लांब केबल चार्ज धरून ठेवते. चांगले मेगर बटण सोडल्यावर स्वतः डिस्चार्ज करतात आणि उतरणारे व्होल्ट दाखवतात, ते शून्यावर येऊ द्या.

सोसायटीच्या पंपाला मेगर लावताना स्टार्टरकडची केबल सोडवूनच लावा, ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर नक्कीच, नाहीतर ड्राइव्हचं कार्ड जाईल. लिफ्टच्या कंट्रोलरला तर हातच लावू नका. 415 व्होल्टच्या मोटारीला जुना ठोकताळा किलोव्होल्टमध्ये एक मिळवा असा, म्हणजे साधारण दीड मेगाओहम. मी मात्र 5 च्या खाली गेलेली मोटार लक्षात ठेवतो. वाइंडिंग 10 अंश तापलं की रीडिंग जवळपास निम्म्यावर येतं, त्यामुळे नुकत्याच बंद केलेल्या मोटारीचं आणि सकाळी थंड असलेल्या मोटारीचं रीडिंग एकमेकांशी ताडून बघू नका. वही ठेवा: तारीख, सर्किट, व्होल्ट, रीडिंग, हवा कोरडी की पावसाळी. दरवर्षी 200, 150, 40 असं उतरत असेल तर 40 हा आकडा 'पास' असूनही दुखणं सांगतोय.

आता मशीन. 250, 500 आणि 1000 व्होल्टच्या रेंजचा डिजिटल मेगर, कॅट थ्री 600 व्होल्ट (हे सुरक्षिततेचं रेटिंग), लाइव्ह सर्किट असलं तर इशारा देणारा, ऑटो डिस्चार्जचा, बटण लॉक होणारा. एवढं पुरतं. 5 किलोव्होल्टचा मेगर एचटी (उच्च दाबाच्या) केबल आणि ट्रान्सफॉर्मरसाठी असतो, तुम्हाला आता नको. मेगर हे खरं एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही इन्सुलेशन टेस्टरला तेच म्हणतात. फ्लूक, क्योरित्सू चांगलेच, पण नाशिकचे मोटवाने, रिषभ आणि नवी मुंबईचा मेको यांचेही टेस्टर मिळतात आणि दुरुस्ती जवळ होते. आयटीआयत शिकवतात तो हँडलचा मेगर समजण्यासाठी उत्तम, पण मिनिटाला 160 फेरे एकसारखे फिरवत एक मिनिट प्रोब धरायला दुसरा माणूस लागतो.

शिकण्याबद्दल: आयटीआयची तुमची दोन वर्षं पाया म्हणून पुरेशी आहेत. चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, तिथल्या छोट्या कोर्सची चौकशी करा. पण खरं शिक्षण नव्या इमारतीत वीज चालू करण्याआधीच्या टेस्टिंगवर मिळतं. तुमच्या कंत्राटदाराला सांगा, पुढच्या टेस्टिंगला सुपरवायझरबरोबर मला पाठवा, रीडिंग मी लिहीन. शंभरभर सर्किटांचे आकडे एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले की वेगळा आकडा डोळ्यांना आपोआप खटकतो. वायरमनचा परवाना काढला नसेल तर तोही काढून घ्या.

खरेदी लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात करा, पण पक्कं बिल आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागून घ्या. दुकानातच दोन्ही क्लिप एकत्र करून शून्य येतं का आणि मोकळ्या सोडून रेंजच्या वर जातो का ते बघा. खिशात 1 मेगाओहमचा एक रेझिस्टर न्या, थोड्या पैशांत मिळतो. तो 500 व्होल्टवर मोजून आकडा 1 च्या जवळ आला तरच पैसे द्या, आणि तोच रेझिस्टर पुढे कायम मेगरच्या पिशवीत ठेवा.