बेळगावात घर बांधायचंय, आर्किटेक्ट फक्त नकाशाच देतो का? मग फी कशाची?

बेळगावात आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे, त्यावरून सांगतो. पहिल्या भेटीत पेन्सिल हातात घेतच नाही, आधी कागद बघतो. पंचायत हद्दीत असाल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा उतारा, शहरात महापालिकेचा खाते उतारा. शेतजमीन असेल तर आधी बिगरशेती. कागद सगळे कन्नडमध्ये, त्यामुळे निम्मा वेळ वाचून समजावण्यात जातो.

मग जागा. खानापूरकडे जांभा आणि धो धो पाऊस. सौंदत्ती, बैलहोंगलकडे काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन्हीकडे एकच पाया चालत नाही.

मागे एका प्लॉटवर चुन्यानं खोल्या आखून दाखवल्या. काकू रेघांत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दार उघडलं की थेट ओटा दिसतोय की!" तीन आठवडे नकाशा बघत होतो, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्हीही त्यातच. स्वयंपाकघर तिथंच फिरवलं, खर्च फक्त चुन्याचा.

पुढे स्लॅब ओतण्याआधी सळ्या तपासणं, गवंड्याचं बिल माप घेऊन पास करणं. फी टप्प्याटप्प्यानं असते. देखरेख नको असेल तर आधीच सांगा, तेवढी कमी होते.