सोळा फुटी नाव, दहा फुटी ट्रॉली

पालकांचं पत्र, थोडक्यात: “आम्ही लाखांदूर तालुक्यातले ढिवर. मच्छीमार सोसायटीकडे तीन मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. डोंगा एका तलावावरून दुसऱ्यावर न्यायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिनं दोन तळांची, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी जोडल्यासारखी, सुटी करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकता येईल अशी नाव वहीत काढलीय. त्याला कॅटमरान म्हणते. कॉलेजात सांगतात, गणित सोडून बायोलॉजी ठेवा. नातेवाईक म्हणतात, नर्सिंगला टाका. हा नुसता नाद आहे की यात पोटापाण्याचं काही आहे?”

भाऊ, वहीच्या पानांचे फोटो नीट पाहिले. नाव सोळा फूट, पण सुटी केल्यावर सगळ्यात लांब तुकडा आठ फुटांचा. तुमची ट्रॉली दहा फुटी. म्हणजे पोरीनं आधी ट्रॉली मोजली आणि मग नाव काढली. कागदावर सुंदर दिसणारी आणि फाटकातून न निघणारी वस्तू बनवणारे शिकलेले लोक मी पाहिलेत, म्हणून हे मला फार आवडलं.

फक्त एक जागा तिनं कोरी सोडलीय. तळाचे दोन तुकडे जिथं जुळतात तिथं नुसती एक रेघ आहे. खरं काम त्या रेघेतच आहे, म्हणून आता जरा तिच्याशी बोलतो.

बेटा, सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून धडपडू नकोस. प्रत्येक तुकडा स्वतःच बंद डबा कर. दोन्ही तुकड्यांच्या तोंडाला पक्की पडदी बसव, मग सांध्याला पाणी अडवायचं काम उरत नाही, फक्त ताण सोसायचा. तो ताण कुठं येतो? मधोमध माणसं बसली की तळ मधे खाली वाकू पाहतो आणि सांधा खालच्या बाजूनं उघडतो. लाटेनं मधला भाग उचलला तर वरून उघडतो. म्हणून बोल्ट वर आणि खाली, दोन्हीकडे हवेत. खालचे बोल्ट पाण्यात राहतील, तिथं पडदीच्या भोकातून डब्यात पाणी झिरपू शकतं. रबरी वायसर विसरू नकोस.

आणि दोन अर्धे तुकडे वेगवेगळे बनवू नकोस, ते कधीच नीट जुळत नाहीत. तळ अख्खा बांध. मधोमध दोन पडद्या, त्यांच्यात बोटभर फट. बोल्टाची भोकं दोन्ही पडद्यांतून एकदमच पाड आणि शेवटी त्या फटीतून करवत चालव.

दोन तळांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांचं दुखणं वेगळं. एका तळाचं नाक वर आणि दुसऱ्याचं खाली गेलं की दांड्या पिळल्या जातात. जेम्स व्हॅरम नावाच्या इंग्रज माणसानं १९५५-५६ मध्ये स्वतः बांधलेल्या कॅटमरानमधून अटलांटिक पार केला. पुढं त्यानं काढलेल्या कितीतरी नावांत या दांड्या तळांना दोरीनं बांधलेल्या असतात. दोरी थोडी हलू देते, त्यामुळे पीळ एकाच जागी साचत नाही. गाठी बांधायला तुला बाबांपेक्षा चांगला मास्तर मिळणार नाही.

आता गणित. तळ ५ मीटर लांब, पाण्याच्या रेषेवर ०.४ मीटर रुंद, ०.२ मीटर बुडालेला. टोकं निमुळती, म्हणून उत्तराचं अर्धं धर: ५ × ०.४ × ०.२ × ०.५ = ०.२ घनमीटर. गोड्या पाण्यात म्हणजे २०० किलो, दोन तळांचे मिळून ४००. नावेचं स्वतःचं वजन, दोन माणसं, ओली जाळी, मासे, सगळं त्यात बसव. मग जाळं ओढताना दोघंही एकाच बाजूला उभे राहिले तर त्या बाजूचा तळ किती बुडेल, तेही काढ.

भाऊ, हे रटाळ काम मी मुद्दाम देतोय. चित्रं काढायला कुणालाही आवडतं. वजनांचा तक्ता तिनं मागे न लागता पुरा केला, तर नर्सिंगचा विषय तूर्त बाजूला ठेवा. नर्सिंग हलकं म्हणून नव्हे. ज्या मुलीला ते करायचंय, तिची जागा ही कशाला अडवते?

या शिक्षणाला नेव्हल आर्किटेक्चर म्हणतात: नाव, जहाज यांचा आराखडा. मरीन इंजिनिअरिंग वेगळं. त्यात जहाजावर राहून यंत्रं सांभाळायची असतात. लोक दोन्ही एक समजतात आणि फॉर्म चुकतो. खरगपूर आणि मद्रास आयआयटीत जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून प्रवेश मिळतो. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पसला त्यांचीच आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कोचीन विद्यापीठातही हा कोर्स आहे. काहीच जमलं नाही तर मेकॅनिकल करावं आणि पुढं गेट देऊन एम.टेक.ला या शाखेत यावं. हाही रस्ता वाईट नाही. काम मात्र मुंबई, गोवा, कोची, विशाखापट्टणम इकडच्या गोदीतच मिळेल. लेक लांब जाणार, हे घरात आत्ताच बोलून घ्या.

कागदाचं एक काम राहू देऊ नका. राज्यात तुमची जात एनटी-ब मध्ये, पण केंद्राच्या परीक्षांना तो दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमीलेअर दाखला वेगळा काढावा लागतो. ऐन वेळी धावपळ नको.

नाव बांधलीच तर पहिली चाचणी गावच्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, माणसांऐवजी वाळूची पोती ठेवून. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात तर अजिबात नेऊ नका. लाइफ जॅकेट आधी घ्या, प्लायवूड मागाहून.

आणि वर सांगितलेल्या प्रत्येक दाराला गणित लागतं. विषय बदलायचा अर्ज कॉलेजात दिला असेल तर या आठवड्यातच जाऊन परत घ्या.