मणक्याच्या टीबीने वडिलांचे पाय लुळे पडलेत. ऑपरेशननंतर ते परत चालतील का?

मी सांगली-मिरज भागात घरी जाऊन फिजिओथेरपी देतो. असे पेशंट माझ्याकडे येतच असतात, त्यावरून सांगतो.

पाय तीन आठवड्यांत हळूहळू गेले, असं तुम्ही लिहिलंय. यातलं 'हळूहळू' महत्त्वाचं. टीबीचा पू मज्जारज्जू सहसा सावकाश दाबतो. दाब निघाला आणि औषधं लागू पडली की बरीच माणसं पुन्हा चालतात. साध्या जंतूंचा पू असता तर पाय एक-दोन दिवसांतही जाऊ शकले असते. तिथं तासांचा हिशोब असतो.

ऑपरेशनआधी पायांत किती जीव आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. अंगठा हलतो का, स्पर्श कळतो का, लघवी ताब्यात आहे का, हे सर्जनना विचारा. ऑपरेशनमध्ये काढलेला आतला तुकडा सीबीनॅट या टीबीच्या तपासणीला पाठवणार का, हेही विचारा. त्यातून टीबीची खात्री होते आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का ते कळतं.

ऑपरेशन झालं म्हणजे टीबी संपला नाही. मणक्याची एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स, साधारण १२ ते १८ महिने चालते. आमच्याकडे घोळ इथंच होतो: शेजारच्याची फुफ्फुसाची औषधं सहा महिन्यांत संपली, मग आपलीच का चालू, म्हणून लोक गोळ्या सोडतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. गोळ्यांनी लघवी केशरी होईल, घाबरू नका. नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग नीट ओळखता येईना, तर मात्र लगेच दाखवा.

घरी दर दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाड रोज बघा. मणका बरा होत असताना बेडसोअरने (पडून राहून होणाऱ्या जखमांनी) आजारी पडलेली माणसं मी पाहिलीत. पाठ चोळणाऱ्या, मणका 'बसवून' देणाऱ्या कुणाकडे नेऊ नका, तो कितीही नावाजलेला असो. बसवणं, उभं करणं सर्जननी सांगितल्यावरच, पट्टा लावून.

दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून निकाल लावू नका. ताकद कित्येक महिने येत राहते. पाय मध्येच कडक होऊन आपोआप उडतात, त्याला घरचे सुधारणा समजतात. तसं नेहमी नसतं, मला किंवा तुमच्या फिजिओला दाखवा. ऑपरेशनची तारीख लांब असेल आणि तोवर लघवी अडली किंवा पायांची ताकद आणखी कमी झाली, तर तारखेची वाट न बघता रात्र असली तरी अॅडमिट करा.