गाडीचा हीटर गरम व्हायला पंचवीस मिनिटं लागतात, मेकॅनिक हीटर कोअर बदलायला सांगतोय. बदलू का?

थांबा, इतक्यात नको. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की उशिरा का होईना गरम हवा येते, पण मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की ती परत कोमट होते. या एका गोष्टीवरून माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. हीटर कोअर बदलायचा तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. थर्मोस्टॅट मात्र पुष्कळ इंजिनांवर दोन-तीन बोल्ट सोडले की हातात येतो. मग सुरुवात तिथूनच का करू नये?

हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनात तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं (हाच तो हीटर कोअर) आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. त्यामुळे आधी ठरवायचं ते एवढंच: इंजिनच वेळेत तापत नाहीये, की इंजिन तापूनही उष्णता आत पोचत नाहीये?

यासाठी तापमानाचा काटा बघा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत काटा एकदा मध्यावर आला की तापमान थोडंफार कमी-जास्त झालं तरी तिथून हलत नाही. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायची जोडणी) लावायचा साधा स्कॅनर मिळाला तर कूलंटचं खरं तापमान अंशांत दिसतं. बहुतेक गाड्यांत इंजिन नीट तापल्यावर ते 85 ते 100 अंश सेल्सियसच्या आसपास राहतं. तुमच्या गाडीत ते 60-65 वर रेंगाळत असेल, किंवा वेग वाढवला की घसरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय असं समजायला हरकत नाही. स्कॅनरवर पी0128 हा कोड (कूलंट हवं तितकं तापत नाहीये असा इशारा) दिसला तर तोही याच दिशेला बोट दाखवतो.

स्कॅनर नसेल तर हाताने कळतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपाला हात लावून ठेवा. पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवा, इलेक्ट्रिक पंखा अचानक फिरायला लागतो. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थर्मोस्टॅट उघडला की पाइप मिनिटभरात चटका बसेल इतका तापतो. पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट व्हायला लागला तर कूलंट गार असतानाच रेडिएटरकडे चाललंय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे खालचा पाइप पाहावा लागतो.

माझ्या गाडीला अगदी हीच तक्रार होती. चढावर छान ऊब, उतार लागला की पायाशी गार हवा. जुना थर्मोस्टॅट काढून उजेडासमोर धरला तर झडप आणि तिच्या बैठकीच्या मध्ये जुन्या गॅस्केटचा एक तुकडा अडकलेला होता आणि फटीतून चक्क पलीकडचं दिसत होतं. एवढ्याशा फटीतून कूलंट सतत रेडिएटरमध्ये जात होतं. नवा बसवला आणि तक्रार संपली.

हे नुसतं उबेपुरतं नाही, म्हणून टाळू नका. इंजिन गार आहे असं वाटलं की त्याचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. मायलेज पडतं, आणि न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्येही उतरतं.

आता दुसरी बाजू. तापमान वेळेत 90 ला पोचतंय, तरी हवा गार? मग आधी कूलंटची पातळी बघा, इंजिन पूर्ण गार असताना. गरम रेडिएटरची कॅप चुकूनही उघडू नका, आत दाब असतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. पातळी कमी झाली की हीटर कोअरमध्ये हवा अडकते. गाडी आयडलवर असताना गार हवा आणि रेस दिली की गरम, शिवाय डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज, ही त्याची खूण. कूलंट भरून सिस्टीममधली हवा काढली की बरं वाटेल, पण कमी झालेलं कूलंट गेलं कुठे हे शोधल्याशिवाय सोडू नका. पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं आणि केबिनमध्ये गोडसर वास असेल तर कोअर गळतोय. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या, आणि तोवर गाडी फिरवू नका.

पातळी ठीक असेल तर इंजिन तापल्यावर कोअरकडे जाणारे दोन पाइप चाचपा. एक कडक गरम, दुसरा जेमतेम कोमट असेल तर कोअर तुंबलेला असू शकतो. मेकॅनिकचं निदान खरं ठरायची जागा ही, आणि इथेही आधी कोअर दोन्ही बाजूंनी पाण्याने फ्लश करून बघायला सांगा. दोन्ही पाइप सारखेच गरम असतील तर कोअर निर्दोष आहे. मग गरम-गार हवा मिसळणारी डॅशबोर्डमधली झडप अडकली असेल. तापमानाचा नॉब फिरवल्यावर आतून टकटक आवाज येतो का, ते ऐका. हवा गरम आहे पण जोरच नाही, असं असेल तर केबिन फिल्टर काढून बघा.

गाडी डिझेल आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डिझेल इंजिन मुळातच सावकाश तापतं, म्हणून काही डिझेल गाड्यांत विजेवर चालणारा जोडहीटर दिलेला असतो आणि तो बंद पडला तरी ऊब उशिरा येते. तरीही चालत्या गाडीत पंचवीस मिनिटं जास्तच.

काम होईपर्यंत गाडी जागेवर चालू ठेवून तापायची वाट बघू नका, सुरू केल्यावर लगेच हळू चालवायला लागा, तशी ती लवकर तापते. काटा थोडा वर येईपर्यंत ब्लोअर कमीवर ठेवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. काचेवर धुकं धरायला लागलं की मात्र ते लगेच बंद करा.