डेटाप्लेट वाचल्याशिवाय सही नको

तुला अनेक आशीर्वाद.

एडीच्या कामाला लागल्या लागल्या तुझ्या टेबलावर ऑक्सिजन, ईएलटी (अपघातात विमानाचा ठावठिकाणा कळवणारा ट्रान्समीटर), सीट असल्या उपकरणांच्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षेसाठी सरकारी यंत्रणेनं काढलेले बंधनकारक आदेश (एडी), येऊन पडल्या, हे एका अर्थी बरंच झालं. अवघड भाग आधी शिकून होईल. विमानाच्या सांगाड्याची एडी वाचायला लांबलचक असते, पण ती कुणाला लागू आहे हे शोधणं सोपं. विमानाचा सिरियल नंबर यादीत आहे की नाही, एवढं पाहिलं की झालं. पंख काही रात्रीतून उपटून दुसऱ्या विमानावर जात नाही. उपकरण मात्र भाडेकरू असतं. आज या विमानात, उद्या वर्कशॉपच्या फळीवर, परवा तिसऱ्याच विमानात. उपकरणाची एडी भाडेकरूच्या नावानं निघते, घराच्या नाही.

2013 चं उदाहरण बघ. 12 जुलैला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उभ्या असलेल्या एका बोइंग 787 विमानाच्या मागच्या भागात, छताजवळ आग लागली. विमानात कुणी नव्हतं, इंजिनं बंद होती. ईएलटीच्या बॅटरीच्या वायरी कव्हर प्लेटखाली चिमटल्या गेल्या होत्या. त्यातून शॉर्ट झाला आणि लिथियम बॅटरीनं पेट घेतला. पहिली एडी 787 पुरती होती. पण तसलाच ईएलटी इतर कितीतरी प्रकारच्या विमानांत बसवलेला होता, म्हणून त्याच वर्षी पुढची एडी निघाली ती ईएलटीच्या नावानं. 'आमच्याकडे 787 नाही' असं म्हणून पहिला कागद बाजूला सारणाऱ्याला दुसऱ्या कागदावर मात्र कामाला लागावं लागलं.

आता वाचायचं कसं ते सांगतो. एडी निघते ती दोन गोष्टी एकत्र आल्या की: वस्तूत असुरक्षित स्थिती आहे, आणि त्याच डिझाइनच्या इतर वस्तूंतही ती असण्याची किंवा पुढे उद्भवण्याची शक्यता आहे. उत्पादकाच्या सर्व्हिस बुलेटिनवर (तपासणी-दुरुस्तीच्या सूचनापत्रावर) 'मँडेटरी' असा शिक्का असला तरी तो उत्पादकाचा आग्रह झाला. कायद्याचं बळ येतं ते एडीनं. मात्र एडीनं एखादं बुलेटिन आपल्या पोटात घेतलं की त्याच्या ठरावीक आवृत्तीतली वाक्यं कायदा होतात. म्हणून बुलेटिनची रिव्हिजन तपास. एडीत रिव्हिजन 1 लिहिलंय आणि हँगरमध्ये रिव्हिजन 2 ची प्रत फिरतेय, हे नेहमी घडतं. नवं आहे म्हणजे चालेलच असं नाही. एडीत 'किंवा त्यानंतरची मान्य आवृत्ती' असं लिहिलेलं असेल तरच चालतं. एडी आणि बुलेटिन यांच्यात विसंगती दिसली तर एडीचं ऐकायचं. अमेरिकी नियमांच्या भाग 39 मध्ये हे स्पष्ट आहे, आणि तिथंच आणखी एक वाक्य आहे जे शिफ्टमधल्या प्रत्येकाला पाठ हवं: पूर्तता न करता विमान जितक्या वेळा उडेल, तितके वेगवेगळे नियमभंग.

क्रमांकही वाचायला शीक. एफएएच्या (अमेरिकी विमान प्राधिकरणाच्या) 2018-09-51 मध्ये 2018 हे वर्ष, 09 हा त्या वर्षातला नववा पंधरवड्याचा अंक, आणि शेवटचे आकडे 51 किंवा त्यापुढचे असतील तर ती इमर्जन्सी एडी. ईएएसएच्या (युरोपच्या विमान-सुरक्षा यंत्रणेच्या) क्रमांकात इमर्जन्सीला शेवटी ई लागतो. जुनी एडी रद्द करून नवी आली की नंबर बदलतो, पण जुन्या एडीखाली केलेलं काम नवीमध्ये धरलं जातं की नाही, हे नवीमधल्या 'क्रेडिट'च्या परिच्छेदातच कळतं. तो परिच्छेद बहुतेक जण वाचत नाहीत. मग केलेलं काम पुन्हा करतात, किंवा उरलेलं काम झालं असं समजतात.

सगळ्यात जास्त वेळ दे तो अ‍ॅप्लिकेबिलिटीला, म्हणजे एडी कशाकशाला लागू आहे त्या भागाला. 'या विमानांवर बसवलेलं, परंतु एवढ्यापुरतं मर्यादित नाही' असे शब्द दिसले की विमानांची यादी फक्त नमुन्यादाखल दिलीय हे ओळख. पार्ट नंबर पूर्ण वाच, डॅशनंतरच्या आकड्यासकट. एका अक्षरानं काय होतं ते पिटो प्रोबच्या (विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीच्या) एडीत दिसतं. एअर फ्रान्सच्या 447 या उड्डाणाच्या अपघातानंतर 31 ऑगस्ट 2009 ला ईएएसएनं एअरबस ए330 आणि ए340 साठी ती काढली. थालेसचा सी16195एए हा प्रोब सगळीकडून जायचा होता. कॅप्टनच्या आणि स्टँडबायच्या जागी गुडरिचचा प्रोब यायचा होता. फर्स्ट ऑफिसरच्या जागी मात्र थालेसचा सी16195बीए चालत होता. म्हणजे बीए प्रोब एका जागी नियमात बसणारा आणि त्याच विमानावर हातभर अंतरावर नियमबाह्य. असा प्रोब स्टोअर्समधून 'सर्व्हिसेबल' (वापरण्याजोगा) टॅग लावून बाहेर येतो. टॅग खोटा नसतो, पण त्यावर जागा लिहिलेली नसते.

म्हणून शोध घ्यायचा तो असा. आधी आयपीसीतून (सुट्या भागांच्या सचित्र सूचीतून) ते उपकरण कोणकोणत्या जागी बसू शकतं ते काढ, पर्यायी पार्ट नंबरांसकट. मग कॉम्पोनंट रेकॉर्डमधून सध्या बसलेले सिरियल नंबर घे. मग स्टोअर्स, बाहेरच्या स्टेशनवरचे स्पेअर, दुरुस्तीला गेलेले, पूलमधून (कंपन्यांच्या सामायिक साठ्यातून) उसने आलेले आणि एका विमानातून रॉब करून, म्हणजे काढून, दुसऱ्यात घातलेले. ही शेवटची दोन खाती सगळ्यात गळकी. रात्री तीन वाजता विमान सोडायच्या घाईत डबा बदलला जातो आणि कॉम्प्युटरमधली नोंद दोन दिवसांनी होते, किंवा चुकीच्या सिरियल नंबरानं होते. सगळं गोळा झालं की निदान संशयाच्या जागी तरी माणूस पाठवून डेटाप्लेट (उपकरणावरची पार्ट आणि सिरियल नंबरची पट्टी) वाचून घे, आणि फोटो माग. कागदावर शून्याचा ओ होतो, आठाचा बी होतो. प्लेटवर मॉडिफिकेशनचा ठोकलेला आकडा किंवा खोडलेलं अक्षर असतं, ते कागदावर नसतंच.

सॉफ्टवेअरचं प्रकरण निराळं, कारण ते प्लेटवर दिसेलच असं नाही. 28 नोव्हेंबर 2025 ला एअरबस ए320 कुटुंबातल्या ईलॅक या उड्डाण-नियंत्रण संगणकाबद्दल ईएएसएची इमर्जन्सी एडी आली. तीव्र सौर किरणोत्सर्गानं त्यातला डेटा बिघडू शकतो, अशी शंका होती. सदोष ठरलं ते ईलॅक बीचं एल104 सॉफ्टवेअर, आणि पुढच्या उड्डाणाआधी बसवायचं होतं ते एल103 प्लस, म्हणजे आधीचं. जगभरातली सुमारे 6,000 विमानं त्यात आली. बहुतेकांना काही तासांत जुनं सॉफ्टवेअर लोड करून भागलं, काही जुन्या विमानांत डबाच बदलावा लागला. 'सगळ्यात नवं तेच बरोबर' ही सवय अशा वेळी घात करते. सॉफ्टवेअरचा पार्ट नंबर विमानाच्या कॉन्फिगरेशनच्या पानावरून वाच, लोडिंगच्या कागदावरून नको, आणि स्टोअर्समधल्या डब्यांतही काय लोड आहे ते पाहा.

मुदतीबद्दल थोडं. 'जे आधी येईल' आणि 'जे नंतर येईल' यात अख्खं विमान जमिनीवर बसण्याएवढा फरक आहे. मोजणी कुठून, हेही बघ: एडी लागू झाल्याच्या तारखेपासून, उपकरण बनल्यापासून, की मागच्या तपासणीपासून. 17 एप्रिल 2018 च्या साउथवेस्ट एअरलाइन्सच्या अपघातानंतर सीएफएम56-7बी इंजिनाच्या फॅन ब्लेडसाठी आलेली एडी या दृष्टीनं वाचण्यासारखी आहे. तीनच दिवसांत आदेश: 30,000 सायकल (एक सायकल म्हणजे एक उड्डाण आणि उतरणं) झालेल्या इंजिनांच्या ब्लेडची 20 दिवसांत अल्ट्रासॉनिक तपासणी. मग मे महिन्यात 20,000 सायकलचा उंबरठा, 31 ऑगस्टची तारीख, आणि त्यापुढे दर 3,000 सायकलनं पुन्हा. एका फॅनमध्ये 24 ब्लेड, आणि ब्लेड एका इंजिनातून दुसऱ्यात जातात. ब्लेडचं वय म्हणजे इंजिनाचं वय नव्हे. तोही भाडेकरूच.

मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये टास्कला जी थोडी सवलत मिळते, ती एडीच्या मुदतीला लावायची नाही. मुदत वाढवायची तर अधिकृत पर्यायी पद्धत, म्हणजे एएमओसी, मंजूर करून घ्यावी लागते. एमईएलही (कोणतं उपकरण बंद असताना विमान सोडता येतं त्याची मान्य यादी) इथं पांघरूण म्हणून चालत नाही. एडीनं जे उपकरण चालू असायलाच हवं म्हटलंय ते एमईएलवर टाकून विमान सोडता येत नाही. आणि मुदत नेहमी उडण्यावरच चालते असंही नाही. 787 च्या जनरेटर कंट्रोल युनिटबद्दल 2015 मध्ये एडी आली, कारण विमानाची वीज सलग 248 दिवस बंद झाली नाही तर ती युनिटं एकदम फेलसेफमध्ये जाऊन, म्हणजे सुरक्षेसाठी स्वतःच बंद होऊन, सगळी एसी वीज जाऊ शकत होती. आतला काउंटर भरून वाहतो. (सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा 31 बिटांचा काउंटर सुमारे 248 दिवसांवर भरतो, गणित करून बघ.) उपाय काय, तर जास्तीत जास्त 120 दिवसांनी वीज पूर्ण बंद करणं. पाच पैशांचं काम, पण इथं मोजायचे असतात ते वीज चालू असलेले दिवस, आणि ते कुठल्याच फ्लाइट लॉगमध्ये आपसूक मिळत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. तुझ्यासमोरची ऑक्सिजन जनरेटरची एडी घेऊ. जुलै 2024 मध्ये एफएएनं बोइंग 737 एनजी आणि मॅक्स मिळून सुमारे 2,600 विमानांसाठी ती काढली. प्रवाशाच्या डोक्यावरच्या पीएसयूमधले (दिवे-मास्क असलेल्या पॅनेलमधले) ऑक्सिजन जनरेटर धरून ठेवणारे पट्टे सुटत होते. ऑगस्ट 2019 पासून वापरात आलेला नवा चिकटपदार्थ काही परिस्थितीत धरून राहत नव्हता, आणि जनरेटर पाऊण इंचापर्यंत सरकू शकत होता. सरकलेला जनरेटर गरजेच्या वेळी ऑक्सिजन देईलच याची खात्री नाही. विमानाच्या रचनेप्रमाणे 120 ते 150 दिवसांत जनरल व्हिज्युअल तपासणी करायची, गरज असेल तिथं थर्मल पॅड बदलून जनरेटर जागेवर बसवायचा, आणि सदोष भाग पुन्हा बसवायला मनाई.

कामाचा धोका वेगळाच. जनरेटरमधलं रसायन एकदा पेटलं की थांबत नाही, आणि डब्याचा पृष्ठभाग अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. मास्कची दोरी ओढली की पिन निघते, हातोडी पेटवणाऱ्या कॅपवर आपटते. तेव्हा पॅनेल उघडल्यावर पहिलं काम सेफ्टी पिन किंवा कॅप लावणं, बाकी सगळं नंतर. 11 मे 1996 ला व्हॅल्यूजेट कंपनीच्या 592 या उड्डाणाच्या कार्गोत काढून टाकलेले जनरेटर सेफ्टी कॅपशिवाय गेले होते. 110 माणसं गेली. काम संपल्यावर उलटी चूक होते: पिन काढायची राहून जाते. मग एडी कागदावर पूर्ण, आणि मास्क पडूनही ऑक्सिजन नाही. पिना मोजून दे, मोजून परत घे. आकडा टास्क कार्डवर लिहायला जागा नसेल तर जागा करून घे.

'जनरल व्हिज्युअल' म्हणजे हाताच्या अंतरावरून पाहणं, गरज पडल्यास आरसा. 'डिटेल्ड' म्हणजे चांगला उजेड, भिंग, आणि लागल्यास पृष्ठभाग साफ करून पाहणं. दोन्हीला एकच वेळ दिलेला प्लॅन आला तर परत पाठव.

बुलेटिनमधल्या पायऱ्यांपुढे 'आरसी' (रिक्वायर्ड फॉर कंप्लायन्स, पूर्ततेसाठी आवश्यक) लिहिलेलं असतं ते का, हेही सांगतो. एप्रिल 2008 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची एमडी-80 विमानं अशीच जमिनीवर बसली आणि 3,000 हून जास्त उड्डाणं रद्द झाली. काम झालेलं होतं. पण चाकांच्या कप्प्यातल्या हायड्रॉलिक पंपाच्या वायरबंडलवरच्या बांधणीचं अंतर आणि क्लिपची दिशा आदेशात होती तशी तंतोतंत नव्हती. त्यातून पुढे पायऱ्यांची वर्गवारी आली: आरसी असलेली पायरी जशीच्या तशी, ती बदलायची तर एएमओसी. आरसी नसलेल्या पायरीत मान्य पद्धतीनं फेरफार चालतो, पण त्यामुळे आरसी पायरीचा निकाल बिघडता कामा नये. बिघडतो कसा? पॅनेल उघडण्याचा क्रम बदलला आणि त्यात आधीच बांधलेली बंडल पुन्हा हलवली, असा.

नोंदीत चार गोष्टी हव्यातच: एडीचा क्रमांक रिव्हिजनसह, कोणत्या पद्धतीनं पूर्तता केली तो परिच्छेद, तारीख व तास-सायकल, आणि पुन्हा करायची असेल तर पुढची मुदत. 'एडी झाली' एवढंच लिहिलेलं असेल तर काही झालेलं नाही असं धर. 'लागू नाही' असं लिहायचं तर का लागू नाही तेही लिही: पार्ट नंबर वेगळा, की सिरियल यादीबाहेर, की मॉडिफिकेशन आधीच झालेलं.

आणि सदोष पार्ट नंबर स्टोअर्सच्या सिस्टममध्ये त्याच दिवशी ब्लॉक कर. विमान स्वच्छ झालं आणि फळीवरचा जुना डबा आठ दिवसांनी तिथंच परत बसला, हे सर्रास होतं. म्हणून तर एडीत शेवटी 'पार्ट बसवण्यास मनाई' हा परिच्छेद येतो, आणि त्याची तारीख बऱ्याचदा दुरुस्तीच्या मुदतीच्या आधीची असते. वारंवार तपासणीची एडी असलेला डबा विमानातून निघाला तर उरलेले तास त्याच्या टॅगवर लिहून दे. नव्या विमानात तो बसेल तेव्हा मोजणी शून्यापासून नाही, तिथूनच पुढे चालू होते.

ईएलटीचं पाकीट आधी उघड. त्यात सिरियल नंबरांची यादी दोन पानांवर आहे, दुसरं पान बहुतेक वेळा प्रिंट होत नाही.

तुझा,
एक जुना सहकारी