नारळाच्या बागेतल्या उंदीर-घुशींसाठी पॉइंट टू टूची कोणती गोळी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा: वेंगुर्ल्याजवळ माडांचं आगर आणि थोडी आंब्याची कलमं आहेत, वडिलांची पॉइंट टू टू (.२२) रायफल त्यांच्या पश्चात रीतसर तुमच्या नावावर झाली आहे आणि उंदीर, घुशी, खारी, माकडं यांनी बाग लुटायला काढली आहे. यूट्यूबवर कोणी हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली) सांगतो, कोणी सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची), कोणी मॅग्नम (मोठ्या पुंगळीची). कोणती घ्यावी?

साधी घ्या. .२२ लाँग रायफल, ४० ग्रेन वजनाची, स्टँडर्ड वेगाची. त्याच वेगाची हॉलो पॉइंट मिळाली तर आणखी बरं. पण हे उत्तर फक्त जमिनीवरच्या घुशी-उंदरांपुरतं आहे, तेही पंधरा-वीस पावलांवरून. तुमच्या यादीतल्या बाकी कशावरही गोळी चालवायची नाही. का, ते सांगतो.

आधी परवाना काढून तो कोणत्या कारणासाठी दिलाय ते वाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, स्वसंरक्षण आणि खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आहे, आणि पॉइंट टू टू रायफल येते ती रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी. म्हणूनच आपल्याकडे राखणीला ठासणीची नाहीतर बाराबोअरच दिसते. वेगळं कारण पटवून पॉइंट टू टूचा परवाना शेतसंरक्षणासाठी मिळालेला असू शकतो, तेव्हा तुमच्या कागदावर काय आहे तेच खरं. 'टार्गेट प्रॅक्टिस' लिहिलं असेल तर घुशीवर झाडलेली गोळीसुद्धा परवान्याच्या अटीबाहेर जाते. तसं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करून आधी ते निस्तरा. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, तेही त्याच कागदावर असतं.

माकडं, वानरं, खारी यांचा विषय इथेच संपवतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. उपद्रवी प्राण्यांची जी जुनी वेगळी अनुसूची होती, ज्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर वगैरे होते, ती त्यात रद्द झाली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारला ठरावीक भागासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी अधिसूचना काढावी लागते. २०१६ साली हिमाचलात लालतोंड्या माकडांसाठी ती निघाली होती, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडे काही ठरवू नका. शेकरू तर आपला राज्यप्राणी. त्याने शहाळी पोखरली तरी हात जोडायचे. माकडांसाठी वनपालाकडे लेखी अर्ज आणि नुकसानीचा पंचनामा, हाच रस्ता. तो कंटाळवाणा आहे हे मलाही माहीत आहे. आणि बागेत मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात लावू नका. २०१६ पासून दोडामार्गाकडे माकडतापाने माणसं दगावली आहेत. हा ताप पसरवणाऱ्या गोचिडी मेलेल्या माकडावरून आजूबाजूला पसरतात. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा.

रानडुकराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येतो. पॉइंट टू टूने डुकराला मारायला जाणं म्हणजे जनावराला चार दिवस सडवून मारणं, शिवाय जखमी डुक्कर कोणावर धावेल ते वेगळंच. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी आणि हत्यारही वेगळं लागतं.

आता गोळी. पॉइंट टू टू ही रिमफायर. रिमफायर म्हणजे ज्या काडतुसाचा ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. चाप ओढला की पिन मधोमध न मारता कडेवर मारते. म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, दाब फार चढवता येत नाही आणि वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. ४० ग्रेन म्हणजे साधारण २.६ ग्रॅम शिसं. स्टँडर्ड गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते, हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास. आपल्या दमट, गरम हवेत आवाजाचा वेग ३४५-३५० मीटर धरा. म्हणजे हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाला मागे टाकते आणि चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. स्टँडर्ड आणि सबसॉनिक त्याच्या खाली राहतात. वीस पावलांवरच्या घुशीसाठी तो जादा वेग तुम्हाला काहीच देत नाही. मिळतो तो फक्त जादा आवाज, आणि गोळी कुठे आपटून उडाली तर जादा लांबचा पल्ला. परदेशात सशांवर सबसॉनिक हॉलो पॉइंट वापरतात ते सायलेन्सरसकट. आपल्याकडे सायलेन्सरचा विचारसुद्धा डोक्यात आणू नका.

मॅग्नमचं थोडक्यात. .२२ मॅग्नमची पुंगळी जाडीला आणि लांबीला मोठी असते, ती तुमच्या लाँग रायफलच्या चेंबरमध्ये बसणारच नाही. उलट लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये ढिलं बसतं आणि पुंगळी फाटू शकते. तेव्हा नळीवर जे कोरलंय तेच काडतूस. छोट्या .१७ काडतुसाबद्दल व्हिडिओत कितीही गोडवे गायलेले असोत, साध्या परवान्यावर आपल्या दुकानात मिळतं ते बहुतेक .२२ लाँग रायफलच.

हॉलो पॉइंटच्या टोकाला खळगा असतो, त्यामुळे लागल्यावर ती पसरते. जनावर लवकर मरतं आणि गोळी आरपार जाण्याची शक्यता कमी होते. मात्र पसरायला वेग लागतो, आणि कमी वेगाला काही गोळ्या पसरतच नाहीत. म्हणून तिच्या भरवशावर मागचा आडोसा सोडायचा नाही.

आणि कोकणात सगळा प्रश्न त्या आडोशाचाच आहे. आमच्या वाडीतले एक म्हातारे राखणदार बंदूक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगायचे, "फाटल्यान काय आसा ता आदी बघ." म्हणजे मागे काय आहे ते आधी बघ. पॉइंट टू टूला लोक पोरखेळ समजतात, पण वर तोंड करून मारलेली गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाते. माडाच्या शेंड्यावर उंदीर दिसला म्हणून खालून बार टाकलात तर ती गोळी झावळांतून निघून कुठे उतरेल? पलीकडच्या वाडीतल्या खळ्यात, पाणंदीवर, नाहीतर किनाऱ्यावर रापण (मोठं जाळं) ओढणाऱ्या माणसांत. माडावर, कलमावर, पन्हळीवर, कौलावर, कुठेही वरच्या दिशेने मारायचं नाही. जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) हाही आडोसा नव्हे. शिशाची गोळी चिऱ्यावर, कातळावर आणि विहिरीच्या किंवा मळ्याच्या पाण्यावर तिरकी लागली की उडून भलतीकडे जाते. मऊ तांबड्या मातीची उभी दरड हवी, किंवा मातीचा जाड बांध. असा आडोसा ज्या ठिकाणी नाही, तिथे गोळी कोणती हा प्रश्नच उरत नाही.

घुशीसाठी तशी जागा सापडते. मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) मागे, पाटाच्या कडेला ताजी भुसभुशीत माती उकरून टाकलेली दिसली की ते तिचं बीळ. तिन्हीसांजेला वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसा. आधी बिळाच्या तोंडाशी माती हलते, मग नाक दिसतं, ते आत जातं, पुन्हा येतं. धडाचा मागचा भाग बाहेर येईस्तोवर थांबायचं. अर्ध्या बाहेर आलेल्या घुशीला मारलंत तर ती आत जाऊन मरते आणि आठवडाभर मांगरात उभं राहवत नाही. नेम डोक्यावर. मेलेली घूस फावड्याने उचलून पुरा, उघड्या हाताने नको, लेप्टो (उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणारा ताप) आपल्याकडे पावसाळ्यानंतर दरवर्षी डोकं वर काढतो.

रायफलचा नेम पंचवीस मीटरवर जुळवून घ्या. दुर्बीण नळीच्या वर तीन-चार सेंटीमीटर असते, त्यामुळे दहा मीटरवर गोळी दीडेक सेंटीमीटर खाली लागेल, ते ध्यानात ठेवा. शंभर मीटरवरच्या बाता मारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पन्नास मीटरला जुळवलेली स्टँडर्ड गोळी शंभरावर वीतभर खाली उतरलेली असते. आणखी एक, प्रत्येक नळीला सगळ्याच गोळ्या मानवत नाहीत. दोन-तीन प्रकारची काडतुसं मिळाली तर क्लबच्या रेंजवर प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या कागदावर मारा. जिची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील ती तुमची गोळी, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

वडिलांच्या वेळची काडतुसं कपाटात असतील तर त्यांचा मोह टाळा. समुद्राकाठची हवा पितळेला हिरवा कळंक आणते आणि शिशावरचं मेण चिकट होऊन वाळू धरतं. नवी काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, कुलपात ठेवा, कौलाखालच्या माळ्यावर नकोत. चाप ओढून बार झाला नाही तर नळी मातीकडे धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. नुसतं फुस्स झालं तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढची भरू नका.

माडावरच्या उंदरांसाठी गोळीची गरजच नाही. जमिनीपासून दोन मीटरवर बुंध्याभोवती चाळीस सेंटीमीटर रुंद गुळगुळीत पत्रा ठोका, झावळा शेजारच्या माडाला टेकू देऊ नका, आणि शेंड्यात ब्रोमॅडिओलोन या उंदरांच्या विषाच्या वड्या बारा दिवसांच्या अंतराने दोनदा ठेवा. मात्रेबद्दल शंका असेल तर भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारा, ते नीट सांगतात. बागेचं खरं नुकसान करणारा उंदीर तोच आहे. तुमच्या खर्चातला मोठा वाटा पत्र्यावर जाऊ दे, काडतुसांवर नको.

आणि निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. देण्याआधी नळीला आतून तेलाचा हात फिरवा, पावती घ्या. परत आल्यावर ते तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा आणि पहिल्या पाच गोळ्या कागदावरच मारा. ठाण्यातल्या कोपऱ्यात दोन महिने टेकून राहिलेली दुर्बीण जागची हललेली असतेच.