नोटीस आली, फोन आला, पदही आलं: तरुण कार्यकर्त्यांची प्रश्नोत्तरे

नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि सभागृहं पुन्हा भरली. मधल्या काळात कामाला लागलेल्या मुलामुलींनी महापालिका पाहिली ती नगरसेवकांविनाच. कुणाला जाब विचारायचा, हेच त्यांना कुणी दाखवलं नाही. या वेळी त्यांचेच प्रश्न घेतले आहेत.

नालेसफाईच्या बिलांची माहिती मागितली, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला. मग एक अनोळखी फोन आला, ‘जरा जपून राहा.’ आता काय करू? (कोपरखैरणे)

आधी फोनचं बोलू. तो किरकोळ समजू नका. तळेगावच्या सतीश शेट्टी यांनी जमिनींचे गैरव्यवहार उघडे केले आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांचा खून झाला. जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, पण तो अजून अमलात आलेला नाही. म्हणून एकट्याच्या नावावर लढू नका. फोनचा नंबर, वेळ आणि नेमके शब्द लिहून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माहितीचा तोच अर्ज आणखी चौघा-पाचजणांना करायला सांगा. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्स क्रमांक चालतो.

आता नकाराचं. माहिती अधिकार कायद्यातल्या ‘वैयक्तिक माहिती’च्या कलमातच पूर्वी लोकहिताचा अपवाद होता. नव्या डेटा संरक्षण कायद्यामुळे नोव्हेंबर २०२५ पासून तो गेला. माझ्या मते हे फार मोठं नुकसान आहे. पण कलम ८(२) शाबूत आहे. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते सांगतं. पहिल्या अपिलात त्याचा उल्लेख करा. अपिलाला ३० दिवसांची मुदत असते. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात करायचं. तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून त्यावर विसंबून बसू नका. कामगारांची नावं वगळून नवा अर्ज टाका. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि गाळाच्या गाड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या एवढंच मागा. विषय एक आणि शब्द १५० च्या आत ठेवा. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक संस्थांमधले अभिलेख पाहायला मिळतात. दोघं मिळून जा.

पाणथळ जागा वाचवण्यासाठी मानवी साखळी करणार होतो. पोलिसांची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस आली. मी बँकेच्या परीक्षा देतेय. आजोबा १९८४ च्या आंदोलनात होते, तरी आई म्हणते, ‘हे सोड.’ (नेरूळ)

आईची भीती खोटी नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी शेतकरी लढले, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले ते त्या लढ्यामुळे. त्याची किंमत तुमच्या घराने जवळून पाहिली आहे.

ही नोटीस म्हणजे समज आहे. गुन्हा नोंदवला गेला असा तिचा अर्थ होत नाही. ती जपून ठेवा आणि लेखी उत्तर द्या. कार्यक्रम कुठे, किती वेळ, माणसं किती, हे कळवून परवानगी मागा. जमावबंदी आहे असं सांगितलं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालच्या आदेशाची प्रत मागा. पोलीस आयुक्तांचा असा आदेश एका वेळी १५ दिवसांपर्यंतच असतो. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर महिलेला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, तिची स्वतःची तयारी नसेल तर घरी येऊनच घ्यावा लागतो. वकील परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

उद्या खरंच गुन्हा नोंदवला गेला, तर नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो लपवू नका. आणि परीक्षा होईपर्यंत तुम्ही पहिल्या रांगेत उभं राहायलाच हवं असं मुळीच नाही. निवेदनं लिहिणं, नकाशे जमवणं, हरकती नोंदवणं हेही आंदोलनच आहे. आईला एकदा बैठकीला घेऊन या.

आमचा अकरा जणांचा गट आहे. संस्था नोंदवावी का? (कळवा)

घाई नको. माहिती अर्जाला, निवेदनाला किंवा लोकशाही दिनात तक्रार मांडायला नोंदणी लागत नाही. नोंदवलीत की दरवर्षी हिशेब आणि धर्मादाय कार्यालयाच्या खेपा आल्या. नियमित देणग्या येऊ लागल्या की नोंदणी करा. तोवर वहीत पै-पैचा हिशेब, दोघांच्या सह्या आणि परदेशी पैसा अजिबात नाही.

नव्या नगरसेवकाने मित्राला पक्षाच्या युवा आघाडीत पद देऊ केलंय. गट फुटायची वेळ आली आहे. (घोडबंदर रोड)

पक्षात जाणं ही गद्दारी नव्हे. महापालिकेची निवडणूक २१ व्या वर्षी लढवता येते आणि चांगली माणसं तिथे पोचली तरच काही बदलेल. पण जाणाऱ्याने गटाचं पद त्याच दिवशी सोडावं आणि सगळ्यांसमोर सांगून जावं. अर्जांच्या प्रती, हिशेबाची वही आणि व्हॉट्सॲप ग्रुप गटाकडेच राहू द्या. गट फुटतात ते बहुतेक वेळा या लपवाछपवीमुळे.

मित्राला एक विचारा. नगरसेवक क्षेत्रसभा बोलावणार आहेत का? महापालिका कायद्यात २००९ पासून ही तरतूद आहे आणि राज्यभर ती कागदावरच राहिली. मतदान केंद्रांच्या टापूतल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामं ठरवायची, एवढी साधी गोष्ट. प्रभागात चार नगरसेवक असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून मागणी चौघांकडेही लेखी करा आणि प्रत माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत द्या. मित्र पक्षात राहून पहिली क्षेत्रसभा भरवून दाखवत असेल, तर त्याला तुमचीच साथ लागेल. ती द्या. नुसते वाढदिवसाचे बॅनर लागले, तर मित्र म्हणून त्याला तोंडावर सांगा आणि तुमचे अर्ज चालू ठेवा.